बुरुजावरची राणी

एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो. ड्रोन घेतल्यापासून चार महिन्यांत माझ्याकडून कुणाचंही काडीचं नुकसान झालेलं नव्हतं. तळमजल्यावरच्या शकुमावशींचे पापड सोडले तर. आणि त्यातही चूक पापडांचीच होती. गच्चीवर ड्रोन उतरवायची जागा मी खडूने आखून ठेवली होती, मावशींनी नेमके तिथेच ते वाळत घातले. ड्रोन उतरला, चार पंख्यांची हवा लागली आणि पापड आमच्या सोसायटीतून समोरच्या सोसायटीत राहायला गेले.

मी निलेश घाडी. वय सेहेचाळीस, मुक्काम बोरिवली, नोकरी विक्रोळीच्या एका कंपनीत, स्टोअर्सला. आठवडाभर मी नटबोल्टांच्या खोक्यांत असतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी मला आकाश लागतं. 'आकाशातून अवशेष' नावाचं माझं चॅनल आहे. उपनगरांतल्या पडक्या भिंती, बुजलेल्या विहिरी, विसरलेले तट वरून चित्रित करायचे आणि मागे संथ बासरी लावायची. चॅनलला एक्केचाळीस माणसं जोडलेली होती. त्यातली तीस नात्यातली, आणि त्या तिसांतही जी बघत होती ती माझी थट्टा करायला बघत होती.

तर माझा बेत असा होता की या वेळी असा व्हिडिओ काढायचा की सगळ्यांची तोंडं बंद. जागाही हेरून ठेवली होती. गोराईच्या पुढे, खाडी समुद्राला मिळते त्या टोकाला एक एकटा बुरूज उभा आहे. खाली तिवरं, मागे ताडाची झाडं, वर निळं आभाळ. जायला धड वाट नाही, म्हणून कुणी फिरकत नाही. तो कुणी बांधला यावर आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन मामा एकमेकांशी बोलेनासे झाले आहेत.

आता ड्रोन म्हणजे पतंग नव्हे. अर्ज करावा लागतो, पोलीस ठाण्यात पत्र द्यावं लागतं. तीन आठवडे खेटे घातले तेव्हा एका मंगळवारी सकाळी नऊ ते दहा, अशी तासाभराची परवानगी मिळाली.

"कसलं शूटिंग म्हणता?" साहेबांनी विचारलं.

"पडक्या बुरुजाचं."

"त्यात बघण्यासारखं काय आहे?"

"इतिहास आहे साहेब."

त्यांनी घरी कुणीतरी मोठं माणूस आहे ना, अशा नजरेने माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

घरात मोठं माणूस होतं. माझे बाबा, काशीराम घाडी. वय चौऱ्याहत्तर. गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत, मग तीस वर्षं एका हॉस्पिटलच्या लिफ्टवर. आई जाऊन तीन वर्षं झाली तसे ते बोलायचे कमी झाले. सकाळी पेपर, दुपारी डोळा लागला तर लागला, संध्याकाळी गॅलरीत खुर्ची. कुणी विचारलं तर उत्तर द्यायचे, तेही पोस्टकार्डावर मावेल एवढंच. दोन महिन्यांपासून मात्र त्यांनी आपणहून एक काम अंगाला लावून घेतलं होतं. मंगळवार-शुक्रवार सकाळी सातला पिशवी घेऊन निघायचे. मालाडला गुडघ्यांच्या व्यायामाचा वर्ग असतो म्हणाले. बरोबर दादूकाका असायचे. दादूकाका म्हणजे बाबांच्या गावचे, देवगडकडचे, आता मुलुंडला मुलाकडे राहतात. मुलुंडचा माणूस गुडघे वाकवायला मालाडला कशाला येईल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला. बाबा दोन पोळ्या जास्त खायला लागले होते, आम्हाला तेवढ्यातच आनंद होता.

त्या मंगळवारी बाबा सातला गेले, मी ऑफिसला दांडी मारून आठला निघालो. फेरीने पलीकडे, तिथून रिक्षाने, मग चिखलातून चालत. बुरुजापासून दोनशे पावलांवर एका बांधावर उभा राहिलो आणि बरोबर नऊला ड्रोन उडवला. काय दृश्य सांगू तुम्हाला. ओहोटी लागलेली, खाडीचा पट्टा चांदीच्या ताटासारखा चकचकीत, आणि मधोमध तो बुरूज. हातातल्या छोट्या पडद्यावर उन्हामुळे धड काही दिसत नव्हतं. बुरुजाच्या माथ्यावर हिरवं काहीतरी हलताना दिसलं, ते मला झुडूप वाटलं. झुडूप छान डोलत होतं. मी ड्रोन अजून जवळ नेला. मग झुडूप नाहीसं झालं. मला वाटलं, कोन बदलला.

संध्याकाळी घरी टीव्हीला जोडून सगळ्यांना दाखवायला बसलो. सगळे म्हणजे बायको रुचिरा, अकरावीतली मुलगी जान्हवी, आणि "पापड उडवून तर आला नाहीस ना कुणाचे" असं विचारत वर आलेल्या शकुमावशी. बाबा गॅलरीत होते.

बुरूज जवळ आला आणि जान्हवी म्हणाली, "पप्पा, थांबव. ही बाई कोण?"

मी थांबवलं. बुरुजाच्या माथ्यावर एक बाई उभी होती. हिरवी नऊवारी, डोक्यावर काहीतरी सोनेरी झगमगतंय, एक हात समुद्राकडे उचललेला. पुढे सरकवलं तर ती वळली. नुसती वळली नाही, वाऱ्यावर पदर वळतो तशी वळली. मग तिने वर बघितलं, पंजा तोंडासमोर धरला आणि एका क्षणात दिसेनाशी झाली. मी ज्या बाजूला उभा होतो त्या बाजूने बुरुजाला पायऱ्या नाहीत. चढणार कुठून, उतरणार कुठून?

"अगं बाई," शकुमावशी म्हणाल्या आणि त्यांनी पाय खुर्चीवर घेतले. "ही ती. माझी सासू सांगायची. बुरुजावरची राणी. फिरंग्यांच्या काळातली."

"मावशी, फिरंग्यांच्या काळात नऊवारी?"

"मग लग्न करून आली असेल इकडची."

मी हसलो. जान्हवी हसली नाही. ती फोनमध्ये काहीतरी करत होती. तिने तो वीस सेकंदांचा तुकडा कापला, माझी संथ बासरी काढून टाकली, तिथे ढोलासारखं काहीतरी घातलं आणि 'बुरुजावरची राणी' असं नाव देऊन माझ्याच चॅनलवर टाकला.

सकाळी उठलो तर तीन लाख लोकांनी तो बघितला होता.

आता इथे मी तुमच्याशी खरं बोलतो. मला फार बरं वाटलं. ऑफिसात ज्यांनी चार महिने माझ्या ड्रोनला 'डास' म्हटलं होतं ते माझ्या टेबलाजवळ उभे राहून चहा पिऊ लागले. परचेसमधला किरण म्हणाला, "यार निल्या, माझी मावसबहीण श्रुतिका एका ऑनलाइन चॅनलला रिपोर्टर आहे. मुलाखत देतोस?" दिली. तिने विचारलं, "त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं?" मला त्या क्षणी झुडूप वाटलं होतं. मी म्हणालो, "हवा अचानक गार झाली."

गार झाली. ऑक्टोबरात, बोरिवलीला.

मुलाखत फिरली आणि मग माझ्या हातात काही राहिलं नाही. कुणीतरी राणीचं नाव शोधून काढलं. कुणी तिचं लग्न मोडलं, कुणी तिला बुरुजात चिणली. भुतांचा माग काढणारा एक ग्रुप होता, त्यांनी जाहीर केलं की येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांनी बुरुजापाशी जमायचं. श्रुतिकाने मला फोन केला, "आपण तिथून लाइव्ह करू. तुम्ही साडेतीनलाच या." मी हो म्हटलं.

घरात एकच माणूस खूश नव्हतं. शुक्रवारी बाबा व्यायामाला गेले नाहीत. जेवताना त्यांनी ताटावरून मान वर न करता विचारलं, "तो विडिओ काढून टाकता येत नाय?"

"बाबा, आता मी काढला तरी उपयोग नाही. शंभर जणांनी उतरवून घेतलाय."

"बरं," ते म्हणाले. पोस्टकार्डावर मावेल एवढंच. आणि भात तसाच ठेवून उठले.

त्याच दुपारी रुचिराने मला ऑफिसात फोन केला होता. ती कधी ऑफिसात फोन करत नाही.

"निलेश, एक सांगू? हसणार नाहीस?"

"सांग."

"ती साडी आईंची आहे."

"काय?"

"हिरवी, मरून काठाची. मी टीव्हीवर थांबवून बघितली. पदराला एका कोपऱ्यात रफू आहे, ते मीच करून आणलं होतं. कपाट उघडलं. साडी नाहीये कपाटात. तू सांग आता. मी काय समजू?"

मी म्हणालो, तशा साड्या हजार असतात. फोन ठेवला आणि स्टोअर्सच्या मागच्या रॅकजवळ, जिथे कुणी येत नाही तिथे, डबा बाजूला ठेवून तो वीस सेकंदांचा तुकडा बघत बसलो. किती वेळा बघितला, सांगत नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण आई समुद्रापाशी गेली की अशीच उभी राहायची, एक हात उचलून, जणू पलीकडच्या कुणाला थांब म्हणतेय. आणि ती माझ्या ड्रोनकडे बघून तोंड लपवते, हे मला फार लागलं. वाटलं, आई, मीच होतो ना. पळालीस कशाला?

तर रविवारी मी साडेतीनला नव्हे, तीनलाच गोराईला पोहोचलो. बाबा जेवून "दादूकडे जाऊन येतो" म्हणून आधीच बाहेर पडले होते. ड्रोन घरीच ठेवला होता. लोक यायच्या आधी मला त्या जागी पाच मिनिटं एकट्याने उभं राहायचं होतं. रुचिराला हे सांगितलं नाही, पण तिने निघताना काही न विचारता माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. तिला कळलं असावं.

बुरुजाच्या मागच्या बाजूला मी कधी गेलो नव्हतो. तिथे ढासळलेल्या दगडांचा मोठा उतार होता, करवंदीच्या जाळीत लपलेला. म्हणजे चढायला वाट होती. मी चढू लागलो आणि अर्ध्यावर मला आवाज आला. काहीतरी जड दगडावरून ओढल्याचा. मग श्वास टाकल्याचा. मग एक आवाज म्हणाला, "अरे काशी, माझी कंबर गेली रे. पेटी हयच टाक. मरांदे ती पेटी."

"पेटी टाकून कसा चालात? मुकुट आसा तिच्यात."

दुसरा आवाज माझ्या बाबांचा होता.

मी वर डोकं काढलं. माथ्यावर माझे वडील आणि दादूकाका एका पत्र्याच्या पेटीला दोन बाजूंनी लोंबकळत होते. दादूकाकांच्या ओठांवर भली मोठी काळी मिशी चिकटवलेली होती. वेळेत काढता आली नव्हती की घाईत उगाच लावली होती, ते मी आजवर विचारलेलं नाही. पेटीच्या फटीतून हिरव्या साडीचा काठ बाहेर आला होता.

दादूकाका म्हणाले, "निलेश, बाळा, गुडघ्यांचा व्यायाम चाललाय."

"काका, मिशी कशाला लागते गुडघ्यांना?"

बाबा पेटीवर बसले. मग सांगायला लागले, आणि मी त्यांना एका दमात एवढं बोलताना तीन वर्षांत ऐकलं नव्हतं.

बाबा दशावतारात काम करायचे. हे मला ऐकून ठाऊक होतं, कुणीतरी कधीतरी नाटकात होतं हे ठाऊक असतं तसं. पण ते स्त्रीपार्टी करायचे, हे मला ठाऊक नव्हतं. राणी, देवी, अप्सरा, सगळ्या बाबा. जत्रांच्या दिवसांत गिरणीतून रजा काढून गावी जायचे आणि देवळापुढे उभे राहायचे. काशीरामची राणी बघायला तीन गावं चालत यायची, हे दादूकाकांनी मध्येच सांगितलं. दादूकाका राजा असायचे. आता गावच्या मंडळाने मुलुंडच्या हॉलमध्ये पुढच्या महिन्यात खेळ ठरवला होता आणि जुन्या जोडीने एकदा उभं राहावं म्हणून गळ घातली होती. तालमीसाठी त्यांनी कुणी न फिरकणारा हा बुरूज धरला होता, पेटी इथेच लपवली होती, आणि आज गर्दी यायच्या आधी ती न्यायला आले होते.

"मग घरी का नाही सांगितलं?"

"घरात दोन खोल्या. राणीचा आवाज जिन्यापर्यंत जातो."

"तालमीचं नाही विचारत. मला का नाही सांगितलं?"

बाबांनी पदराचा काठ बोटाने पेटीत सरकवला. "तू धा वर्सांचा होतास. चाळीतल्या खोलीत माझा एक फोटो होता, राणीच्या वेषातला. तुझे मित्र आले होते. हसले. ते गेल्यावर तू स्टुलावर चढून फोटो काढलास आणि माझ्या हातात दिलास. म्हणालास, बाबा, असले फोटो लावू नका. मला लाज वाटते. पोरगो बोललो, म्हणून नाटक सोडलंय असा नाय. पण मग पुढच्या साली रजा टाकूक हात होईना."

मला ते आठवत नव्हतं. हे लिहितानाही आठवत नाही, कितीही खणलं तरी. मी एक वाक्य बोललो आणि खेळायला गेलो असेन. ते मात्र छत्तीस वर्षं ते वाक्य जपून होते.

"आणि आईची साडी?"

"ती मला नेसवायची. गावी, पडद्यामागे. तिच्यासारखा कासोटा कुणालाच जमायचा नाय. तिची साडी नेसली की..."

मी त्यांच्या शेजारी पेटीवर बसलो. अजून जरा वेळ मिळाला असता तर मी काहीतरी बोललो असतो. पण खालून एक आरोळी आली, "दिसली. वर काहीतरी हललं. वर आहे ती."

मी कडेने डोकावलो. पाचचा मुहूर्त होता, पण मंडळी चारच्या आतच आली होती. शंभरेक माणसं असावीत. एकाच्या हातात भुतं मोजायचं यंत्र होतं, त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. एक भेळवाला चिखलातून सायकल ढकलत येत होता. श्रुतिका कॅमेरा लावून उभी होती. आणि मागच्या उतारावरून पोरं चढायला लागली होती.

बाबांचा चेहरा उतरला. "निलेश, तू जा खाली. आम्ही बघतो काय ते. तुझ्या हापिसातले असतील. बिल्डिंग बघेल. तुला परत लाज..."

ते 'परत' ऐकलं आणि माझं डोकं जलद चालायला लागलं. अशा वेळी ते फार जलद चालतं. बरोबर चालतं असं मी म्हणत नाही. मी पेटी उघडली, साडी काढली, शर्टावरूनच अंगाला गुंडाळली, मुकुट डोक्यावर घातला आणि बुरुजाच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

"लोकहो," मी म्हणालो. "ती बाई मीच आहे. व्हिडिओ चालावा म्हणून केलं. चूक झाली. आता सगळ्यांनी घरी जा."

मुकुट माझ्या कानांपर्यंत उतरला. मग गर्दीतून एकाने विचारलं, "मग ड्रोन कोण उडवत होतं?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. "तो... ऑटोमॅटिक आहे."

"खोटं बोलतोय. ती बाई पाण्यासारखी फिरत होती. हा तर सोफ्याला कव्हर घातल्यासारखा दिसतोय."

"चालून दाखव," यंत्रवाला म्हणाला.

"हो, चालून दाखव," श्रुतिकाही म्हणाली. कॅमेऱ्याचा दिवा लागलेला होता.

मी चाललो. बाईने चालावं तसं चालायचा प्रयत्न केला. म्हणजे कमरेवर एक हात ठेवला आणि दुसरा कुठे ठेवायचा ते सुचेना म्हणून तो हवेत ठेवला. तिसऱ्या पावलाला साडी पायात आली, चौथ्याला मी दगडाला धरलं, पाचव्याला मुकुट नाकावर आला. खाली लोक हसायला लागले. मनमुराद हसले. मला वाटलं, हसू देत. माझ्यावर हसतायत ना, मग झालं. मी एक गिरकीसुद्धा घेतली.

"थांब."

आवाज मागून आला. मी वळलो. बाबा उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, राग होता. भाजी चिरायला कुणी विळीवर चुकीचं बसलं तर आईच्या चेहऱ्यावर यायचा तसा.

"राणी अशी चालते? काढ ती साडी."

"बाबा, लोक बघतायत."

"तेच तर. लोक बघतायत आणि तू असा चालतोस."

त्यांनी माझ्या अंगावरून साडी सोडवली. नेसायला वेळ नव्हता. शर्ट-पँटीवरूनच पदर खांद्यावर घेतला, उरलेली साडी हातावर घेतली, मुकुट डोक्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी जरासा दाबला. बस्स. तेवढंच केलं. आणि मग त्यांनी पाऊल टाकलं.

मला हे नीट सांगता येणार नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचे, टक्कल पडलेले, पायात रबरी चप्पल घातलेले माझे वडील बुरुजाच्या कडेपर्यंत चार पावलं चालले, आणि चौथ्या पावलाला तिथे एक बाई उभी होती. मान वळली, पदर सावरला गेला, हात समुद्राकडे उचलला गेला. तो हात मी ओळखला. आईने तो बाबांकडून घेतला होता की बाबांनी आईकडून, कोण जाणे.

"महाराज," बाबा म्हणाले, आणि तो आवाज खरंच जिन्यापर्यंत, गोराईच्या जेट्टीपर्यंत गेला असेल. "रणावर जाताना मागे वळून बघू नका. मी रडताना तुम्हाला दिसले, तर तुमची तलवार जड होईल. जा. तुम्ही याल तोवर ही चंद्रप्रभा या तटावरून हलायची नाही."

मागून दादूकाकांनी मिशीवर ताव दिला आणि पुढे आले. "प्रिये," ते गरजले, "रण मला सोडेल गं, तुझा शब्द मला सोडायचा नाही."

मग दोघांचं असं जुंपलं की थांबेचना. दशावतारात लिहिलेलं काही नसतं, तिथल्या तिथे बोलायचं असतं. खाली शंभर माणसं गप्प उभी होती. उतारावर चढलेली पोरं आहे तिथेच दगडांवर बसली. भेळवाल्याने सायकल उभी केली. एक म्हातारे गृहस्थ, बहुतेक आमच्याकडचेच, डोळे पुसत म्हणाले, "काशीरामाची राणी. जित्ती आसा ती अजून." शेवटी राणी हात उचलून तशीच उभी राहिली आणि राजा मागे मागे जात करवंदीच्या जाळीत अडकला, तेव्हा एवढ्या शिट्ट्या झाल्या की ताडावरचे बगळे उडाले.

यंत्रवाल्याने वर येऊन बाबांसोबत फोटो काढून घेतला. त्याच्या यंत्राचा दिवा अजून लुकलुकत होता. बाबांनी विचारलं, "ह्याची ब्याटरी काढता येत नाय?"

परतताना फेरीत बाबा आणि मी शेजारी बसलो होतो. समोर दादूकाका पेटीवर पाय ठेवून झोपले होते, मिशी एका बाजूने सुटलेली. भरती लागली होती.

"लाज वाटली?" बाबांनी पाण्याकडे बघत विचारलं.

"वाटली."

त्यांनी मान वळवली.

"माझ्या चालण्याची," मी म्हणालो.

बाबा हसले. आई गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा दात दिसेपर्यंत हसताना बघितलं. मग पुढचा सगळा प्रवास ते मला बाईने कंबर कुठून वळवायची ते समजावून सांगत होते आणि शेजारच्या कोळणी लक्ष देऊन ऐकत होत्या.

भूत नाही म्हटल्यावर माझ्या चॅनलवरची गर्दी आली तशी निघून गेली. श्रुतिकाचा व्हिडिओ मात्र चालला, आणि मुलुंडच्या हॉलमध्ये महिन्याने झालेल्या खेळाला खुर्च्या कमी पडल्या. शकुमावशी पहिल्या रांगेत होत्या. "मी म्हटलं नव्हतं, राणी आहे म्हणून?" असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या.

मी मात्र रांगेत नव्हतो. मी पडद्यामागे होतो. बाबांना नेसवायला कुणीतरी हवं होतं आणि ते काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. तीन आठवडे रोज संध्याकाळी त्यांनी मला शिकवलं होतं. आईचा हात माझ्या हाताला येणार नाही, हे पहिल्याच दिवशी दोघांच्याही लक्षात आलं होतं. पण कासोटा आता सुटत तरी नव्हता.

तर खेळ सुरू व्हायला दहा मिनिटं होती. मी जमिनीवर गुडघे टेकून, तोंडात चार सेफ्टी पिना धरून, बाबांच्या निऱ्या एकसारख्या बसवत होतो. चेहऱ्याला रंग लावलेले बाबा आरशात बघत होते. तेवढ्यात चहाचा थर्मास घेऊन रुचिरा आत आली. दारातच थांबली. मला वाटलं, हिचे डोळे भरून आलेत.

"अठरा वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. "दर दिवाळीला मी आरशासमोर उभी राहून ओरडते, निलेश, जरा निऱ्या धर. आणि तू म्हणतोस, मला जमत नाही."

मी तोंड उघडणार होतो, पण तोंडात पिना होत्या.

"सूनबाई, खेळ संपेस्तोवर त्याला बोलायला लावू नका," राणी वरून म्हणाली. "निरी सुटेल."

खेळ साडेतीन तास चालला. पिना मी तोंडातच ठेवल्या.